जिभेची आंघोळ

मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. धुळ्यातही फार वेगळी गत नसते. माणसं दिवसातून दोनदा अंगावर पाणी घेतात, म्हशी डोहात सोडतात, कूलरच्या वाळ्यावर पाणी मारत राहतात. अशा दिवसांत घरातल्या कुणाचं तरी लक्ष फरशीवर अंग टाकून पडलेल्या मांजराकडे जातं आणि कळवळून ठरतं, की आज हिला आंघोळ घालायची. हेतू चांगलाच असतो. पुढे जे घडतं तेही मांजर पाळणाऱ्या बहुतेक घरांना ठाऊक आहे. मोरीचं दार लागतं, नळ सुटतो, पहिला तांब्या अंगावर पडतो आणि मघापर्यंत मांडीवर घुरघुरणारी मनी माणसाच्या खांद्यावरून, डोक्यावरून थेट खिडकीच्या गजांवर चढते. हातांवर ओरखडे उठतात, बादली कलंडते, आणि मनी त्या दिवशी माळ्यावरून खाली उतरत नाही. गावाकडची म्हातारी माणसं हे बघून एकच विचारतात, "त्या मांजरले कसाले धोई ऱ्हायनी माय?"

प्रश्न रास्त आहे. मांजर हट्टी असतं, लबाड असतं, त्याला उपकाराची जाण नसते, असं आपण सहज बोलून जातो. मला ते कधीच पटलेलं नाही. मोरीत मांजर जे करतं त्याला सबळ कारणं आहेत. ती त्याच्या शरीरात आहेत, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण त्याच्या तोंडात आहे.

मांजरानं हात चाटला की कानस फिरवल्यासारखं लागतं. जिभेवर मागे वळलेले काटे असतात. ते केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्या द्रव्याची बनतात त्याचेच असतात. हे काटे हाडावरचं मांस खरवडायला उपयोगी पडतात हे जुनं ज्ञान. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतले अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. घरच्या मांजरापासून हिमबिबट्या, वाघ, सिंह यांच्यापर्यंत मार्जारकुळातल्या सहा जातींच्या जिभा त्यांनी बारकाईनं तपासल्या. काटे टोकाशी भरीव नाहीत, त्यांना खाच आहे, असं आढळलं. घरच्या मांजराच्या जिभेवर असे काटे जवळपास ३०० आणि लांबीला दोन-अडीच मिलिमीटर. तोंडातली लाळ या खाचेत आपोआप ओढली जाते. मांजर अंग चाटतं तेव्हा काटे केसांच्या दाटीतून आत शिरतात आणि लाळ थेट कातडीपर्यंत पोचवतात. बाहेर येताना सुटलेला केस, धूळ, पिसू घेऊन येतात. म्हणजे ओलं करणं, घासणं आणि विंचरणं ही तिन्ही कामं एकाच फटक्यात होतात.

उन्हाळ्याशी याचा जवळचा संबंध आहे. मांजराला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी अंग थंड ठेवायचं तर काही उपाय हवाच, आणि तो उपाय म्हणजे केसांत मुरलेली ही लाळ. ती वाळताना अंगातली उष्णता घेऊन जाते. नोएल आणि हू यांच्या हिशेबानं मांजराला शरीरातली जेवढी उष्णता बाहेर टाकावी लागते, तिच्यातला जवळपास चौथा हिस्सा या मार्गानं जाऊ शकतो. तुमची मनी दुपारी कोपऱ्यात बसून पुनःपुन्हा पोट आणि मांड्या चाटत असेल, तर तिची आंघोळ चालूच आहे असं समजावं. तिला वरून तांब्याभर पाण्याची गरज नाही, प्यायला पाणी मात्र भरपूर हवं, कारण लाळ त्यातूनच होते. घरात दोन-तीन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवा आणि ते जेवणाच्या वाटीपासून लांब ठेवा. अनेक मांजरं खाण्याशेजारचं पाणी पीत नाहीत. खिडकीला ओलं गोणपाट लावा, गच्चीला लागून असलेली तापणारी खोली दुपारी बंद ठेवा. यानं जो आराम मिळतो तो मोरीतल्या झटापटीनं मिळत नाही.

पिसवांचीही गोष्ट अशीच आहे. "पिसवा झाल्यात, साबण लावून धू" हा सल्ला घरोघरी मिळतो. पिसवा झालेल्या घरातल्या काही मांजरांच्या गळ्यात संशोधकांनी चाटता येऊ नये म्हणून प्लॅस्टिकची कॉलर घातली आणि काहींना मोकळं ठेवलं. तीन आठवड्यांनी कॉलरवाल्यांच्या अंगावर सुमारे दुप्पट पिसवा निघाल्या. जीभ एवढं काम करते. शिवाय आपल्याला दिसतात त्या पिसवा म्हणजे साऱ्या पसाऱ्यातला थोडासा भाग. अंडी, अळ्या आणि कोष गोधडीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात, जुन्या घरात शेणानं सारवलेल्या जमिनीच्या भेगांत असतात. मांजर धुतलं आणि गोधडी तशीच ठेवली, तर आठवड्यात सगळं मूळपदावर येतं. गोधडी गरम पाण्यातून काढून मे महिन्याच्या उन्हात दिवसभर टाकणं हा पिसवांवरचा फार चांगला इलाज आहे, आणि त्या उन्हाची आपल्याकडे कमतरता नाही.

मग मांजर पाण्याला इतकं भितं का? आपल्या घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं रानमांजर, कोरड्या मुलखातलं. धान्याच्या कणग्यांभोवती उंदीर जमले, उंदरांमागे ते आलं आणि राहिलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून आजवर साध्या घरगुती मांजराच्या अंगावरच्या केसांत फारसा बदल झालेला नाही. वरचे केस जरा राठ, आतली लव मऊ आणि दाट. ही लव पाणी पकडून ठेवते. भिजलेलं मांजर जड होतं, गारठतं, त्याची चपळाई जाते, आणि ज्याचा जीव चपळाईवर चालतो त्याला हा मोठा धोका वाटतो. सगळ्या मार्जारकुळाला मात्र हे लागू नाही. वाघ उन्हाळ्यात पाणवठ्यात बसून राहतो, सुंदरबनातलं मासेमार मांजर पाण्यात सूर मारतं. आपल्याकडे नदीकाठच्या गवतात आणि उसाच्या शेतात राहणारं लांब पायांचं, वेगळ्या जातीचं रानमांजरही चांगलं पोहतं.

माझ्या मते मोरीतल्या दंग्यात पाण्याचा वाटा निम्म्याहून कमी असतो. उरलेला वाटा घसरड्या लादीचा, बादलीत धो-धो पडणाऱ्या नळाच्या आवाजाचा, बंद दाराचा आणि आपल्या हाताच्या पकडीचा. पाय घट्ट रोवता येत नाहीत, पळायला वाट नाही आणि मानेवर कुणाचा तरी पंजा आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मांजराच्या लेखी तो शिकारीचा प्रसंग असतो आणि शिकार ते स्वतः असतं. तेव्हा ते जे करतं ते जिवाच्या आकांतानं करतं.

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मांजराच्या अंगावर जे लागतं ते त्याच्या पोटात जातं. जीभ थांबत नाही. कुत्र्याला धुवून साबण थोडा राहिला तर एखादे वेळी खाज सुटेल. मांजराच्या अंगावर राहिलेला थेंब तासाभरात त्यानं गिळलेला असतो. त्यात मांजराचं यकृत एका बाबतीत दुबळं आहे. शरीरात आलेली बरीच विषारी द्रव्यं यकृत ग्लुक्युरोनिक आम्लाला जोडून बाहेर टाकतं. हे जोडकाम करणाऱ्या विकरांपैकी एक महत्त्वाचं विकर मांजरात बनतच नाही, कारण त्याचं जनुक निकामी झालेलं आहे. पिढ्यान् पिढ्या नुसत्या मांसावर जगणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली विषं पचवायची वेळ फारशी आली नाही, असं याचं कारण सांगतात. म्हणूनच आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

हे कळलं की आपल्या घरातल्या बाटल्यांकडे बघण्याची नजर बदलते. फरशी पुसायचं फिनाईल, मग ते काळं असो वा पांढरं, मांजराला घातक. ओल्या फरशीवरून ते चालतं, मग पंजे चाटतं, आणि तोंडात फोड येतात, लाळ गळू लागते. आंघोळीच्या पाण्यात "जंतू मरतील" म्हणून झाकणभर ओततात ते पाणी टाकल्यावर पांढरं होणारं तपकिरी जंतुनाशक क्लोरोझायलेनॉलचं असतं. तेही फिनॉलच्याच घराण्यातलं. त्यानं मांजर धुणं म्हणजे त्याला ते पाजणंच. कापूर, निलगिरी, टी ट्री यांची तेलं, कडुलिंबाचं निव्वळ तेल, रॉकेल यांतलं काहीही मांजराच्या अंगाला लावू नये. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, हा हिशेब इथे चालत नाही.

खेड्यांतला धोका आणखी वेगळा. गोठ्यात गोचिडांसाठी आणलेल्या औषधाची बाटली खुंटीला टांगलेली असते. त्यात बहुधा सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. बैलाला, म्हशीला ते मापात चालतं. उरलेल्या पाण्यात फडकं बुडवून कुत्र्याला पुसतात, आणि मग त्याच फडक्यानं मांजरालाही. शहरात हेच कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या परमेथ्रिनच्या थेंबांबाबत होतं. "कुत्र्याला चाललं, मग मांजराला अर्धं देऊ" असं म्हणून ते टाकलं जातं. काही तासांत मांजराचे कान आणि कातडी थरथरू लागते, चाल लडखडते, लाळ गळते, आणि पुढे झटके येतात. असं औषध लागलं आहे असं कळल्याबरोबर, झटके सुरू झालेले नसतील तर, भांडी घासायच्या सौम्य लिक्विड साबणानं कोमट पाण्यात मांजर धुवायचं, कोरडं करायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. औषधाची बाटली सोबत न्यायची. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ न घालवता आधी दवाखाना. आपल्याकडचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींसाठी ओळखले जातात आणि लोक त्यांना ढोरांचा दवाखानाच म्हणतात, पण विषबाधेच्या वेळी तिथे मांजर न्यायला संकोच करू नये. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

तेव्हा आंघोळ कधी हवीच, याचं उत्तर आपोआप मिळतं. जे मांजराच्या पोटात जाऊ नये ते अंगाला लागलं असेल, तेव्हा. जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळच्या गॅरेजांत आणि औद्योगिक वसाहतीत ऑइल सांडलेलं असतं. हिवाळ्यात मांजरं उबेसाठी गाड्यांच्या इंजिनाखाली शिरतात आणि काळ्याकुट्ट ऑइलनं माखून निघतात. डाळ मिलमध्ये, धान्याच्या दुकानात उंदरांसाठी मांडलेल्या चिकट पुठ्ठ्यावर पिल्लं अडकतात. दोंडाईच्याला मिरचीच्या खळ्यांवर फिरणाऱ्या मांजराच्या अंगावर तिखटाची धूळ बसते आणि डोळे चुरचुरू लागतात. दिवाळीआधी रंगकाम निघालं की ऑइलपेंट शेपटीला लागतोच.

ऑइल, पेंट किंवा गोंद असेल तर आधी पाणी नाही, तेल. घरचं शेंगदाण्याचं गोडं तेल त्या जागेवर हळूहळू चोळत राहायचं, म्हणजे चिकटा सुटतो. पुठ्ठ्याला अडकलेलं पिल्लू ओढायचं नाही, कारण कातडी फाटते. बोटं तेलात बुडवून एकेक पाय सोडवायचा आणि उरलेल्या पुठ्ठ्यावर पीठ टाकायचं, म्हणजे सुटलेला पाय पुन्हा चिकटत नाही. मग मक्याचं पीठ लावून तेल टिपून घ्यायचं, आणि शेवटी सौम्य साबण आणि कोमट पाणी. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी पेंट लवकर निघतो, पण मांजर त्यानंतर जगेलच असं नाही. तिखट असेल तर कोरडं असतानाच मऊ ब्रशनं झाडून घ्यायचं, डोळे साध्या स्वच्छ पाण्यानं धुवायचे.

दुसरी गरज असते ती म्हातारपणाची आणि आजारपणाची. सांधे दुखणाऱ्या, फार लठ्ठ झालेल्या किंवा जुलाब लागलेल्या मांजराला मागची बाजू नीट चाटून साफ ठेवता येत नाही. तिथे सगळं मांजर भिजवायचं कारण नाही. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं घेऊन तेवढीच जागा पुसावी. गजकर्ण झालं असेल तर डॉक्टर औषधी आंघोळ सांगतील. मांजराचं गजकर्ण माणसांना, विशेषतः मुलांना लागतं, त्यामुळे तिथे टाळाटाळ नको. आणि उष्माघात. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, उभं राहता येत नसेल, तर ती आणीबाणी आहे. बर्फ न वापरता साध्या पाण्यानं पोट, मांड्या, पंजे ओले करायचे, पंख्याखाली ठेवायचं आणि तसंच ओलं दवाखान्यात न्यायचं.

आंघोळ घालायचीच तर तयारी आदल्या दिवशी सुरू होते. मांजर झोपाळलेलं असताना नखांची नुसती टोकं कापून ठेवायची, आतला गुलाबी भाग न दुखवता. केसांत गुंता असेल तर तो कोरडा असतानाच बोटांनी सोडवायचा. पाणी लागलं की गुंता आवळून गच्च होतो आणि कातडी ओढतो. कात्रीनं कापायला जाऊ नये. मांजराची कातडी पातळ असते आणि गुंत्याबरोबर तीही कात्रीत येते.

मोरी नको. प्लॅस्टिकचा मोठा टब किंवा घमेलं खोलीत घ्यायचं, तळाला जुना टॉवेल अंथरायचा, म्हणजे नखं रोवता येतात. माझ्या अनुभवात या एका टॉवेलनं निम्मी लढाई टळते. पाणी आधीच भरून ठेवायचं, मांजर समोर असताना नळ सोडायचा नाही. पाण्याचं तापमान तुमच्या कोपराला ना गार ना गरम लागावं. इथे एक इशारा. धुळ्यात घरोघरी पाण्याची साठवण असते आणि गच्चीवरची काळी टाकी उन्हाळ्यात दुपारी चटका बसेल इतकी तापते. ते पाणी तसंच मांजरावर घालू नका, सावलीतल्या ड्रमचं मिसळून घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर साबण नीट सुटत नाही, म्हणून शेवटचा हात नळाच्या पाण्याचा असू द्या.

पाणी पोटाच्या जरा खालीच असावं. एक माणूस धरायला, एक धुवायला, तिसरा कुणी खोलीत नको. मुलांना आधीच समजावून बाहेर पाठवावं. मांजराचं तोंड आपल्याकडे न करता उलट दिशेला ठेवायचं. एक हात छातीखाली, दुसरा पाठीवर सैल. पाणी वरून ओतायचं नाही, वाटीनं मानेपासून मागे सोडत जायचं. तोंडावर आणि कानांत पाणी नाही, तोंड ओल्या फडक्यानं पुसून पुरतं. आपला साबण, आपला शाम्पू नको. माणसाची कातडी किंचित आम्लधर्मी, मांजराची त्या मानानं उदासीन, आणि मघाचा मुद्दा पुन्हा आलाच, जे उरेल ते पोटात जाईल. मांजरांसाठीचा बिनवासाचा शाम्पू थोडासा पाण्यात कालवून लावायचा. चोळायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ धुवून काढायला द्यायचा.

या सगळ्या वेळात मांजर बोलत असतं. शेपटीचं टोक फटकारायला लागलं, कान बाजूला पडले, बाहुल्या मोठ्या झाल्या, पाठीची कातडी लाटेसारखी हलली, की ते सांगतंय की आता बास. खोल घशातून गुरगुर आली तर तुम्ही आधीच उशीर केला आहे. त्या वेळी थांबावं. अर्धी राहिलेली आंघोळ उद्या पुरी होते, मात्र विष लागलेलं असेल तर नाही. ज्याला सवय लावायची त्या पिल्लाला पहिल्या काही महिन्यांत कोरड्या टबात बसवून खाऊ द्यावा, मग तळाशी बोटभर पाणी, मग ओलं फडकं. मोठ्या बोक्यालाही हे शिकवता येतं, फक्त वेळ जास्त लागतो.

मानगूट धरून उचलण्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे तीच पद्धत सर्रास आहे. "आई पिल्लांना तसंच उचलते" असं सांगितलं जातं. आई उचलते ती काही दिवसांच्या पिल्लाला, आणि तिच्या दातांना किती दाबायचं ते कळतं. चार किलोचा बोका मानगुटीला लटकवला की तो गप्प होतो तो भीतीनं, आणि सुटल्यावर ती भीती तुमच्या हातावर उतरते. मांजरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनाही आता ही पकड नको म्हणतात. त्याऐवजी टॉवेल. टॉवेल पसरून मांजर मधोमध ठेवायचं, एक बाजू अंगावरून घ्यायची, मग दुसरी, आणि डोकं मोकळं ठेवून घट्ट पण सुखाचं बोचकं करायचं. औषध पाजायला, नखं कापायला, दवाखान्यात न्यायला हाच उपाय. बहुतेक मांजरं अंधारात आणि उबेत शिरल्यावर शांत होतात.

तरीही चावा बसला तर तो हलका समजू नये. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक आणि लांब असतात. वरून जखम एवढीशी दिसते, आत मात्र जंतू खोल गेलेले असतात. मांजराच्या तोंडातल्या पाश्चुरेला नावाच्या जिवाणूमुळे काही तासांतच हात सुजून लाल होतो, आणि बोटाच्या सांध्याजवळचा चावा तर हमखास त्रास देतो. रेबीजही मांजरापासून होतो, तो फक्त कुत्र्याचा आजार नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, वरून घट्ट पट्टी बांधायची नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते, कातडीच्या आत गेलेल्या चाव्याला, तो लहान दिसला तरी, इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. घरचं मांजर लसीकरण झालेलं असलं तरी डॉक्टरांना तसं सांगून त्यांचाच सल्ला घ्यावा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून इथे "बघू उद्या" नको.

आता पर्शियनचं. गेल्या काही वर्षांत लांब केसांची, चपट्या तोंडाची ही मांजरं मोठ्या शहरांतून खानदेशातही आली आहेत. दिसायला फार देखणी. पण वर सांगितलेली जिभेची सगळी सोय यांच्याबाबतीत अपुरी पडते. नोएल आणि हू यांच्याच मोजमापात असं आढळलं, की मार्जारकुळातल्या बहुतेकांचे केस दाबले गेले की जिभेचा काटा कातडीपर्यंत पोचतो, पर्शियनचा पोचत नाही. माणसानं निवड करून करून केस इतके वाढवले, की जनावराला स्वतःचं अंग स्वतः राखता येईना. त्यामुळे गुंता होतो, गुंत्याखाली घाम नसला तरी ओल आणि मळ साचतो, कातडी लाल होते. त्यात आखूड नाकामुळे हवा थंड करून आत घेणंही जड जातं, आणि ४५ अंशांत हा दुहेरी त्रास. ज्यांच्याकडे पर्शियन आहे त्यांना रोज विंचरण्याला पर्याय नाही, रोज म्हणजे रोजच. उन्हाळ्याआधी जाणकाराकडून केस कमी करून घ्यावेत, मात्र पूर्ण तासून काढू नयेत. यांना अधूनमधून आंघोळ लागते, म्हणून लहानपणापासून सवय लावावी. आणि अजून घ्यायचं ठरत असेल, तर मी आग्रहानं सांगेन, की आपल्या धाब्यांवर आणि गल्ल्यांत जन्मलेलं आखूड केसांचं मांजर घ्या. हा उन्हाळा त्याच्या अंगवळणी पडलेला आहे, आणि दत्तक घेतलं नाही तर त्या पिल्लांतली अनेक जगत नाहीत.

आंघोळीनंतर टॉवेलनं दाबून दाबून पाणी टिपायचं, चोळायचं नाही. हेअर ड्रायरच्या आवाजानं बहुतेक मांजरं उधळतात, त्यापेक्षा बंद खोलीत कोरडी गोधडी द्यावी. उन्हाळ्यात एवढं पुरतं, हिवाळ्यात धुळ्याची थंडी कडक असते तेव्हा दुपारचीच वेळ धरावी. कूलरच्या झोतात ओलं मांजर ठेवू नये. ते पुढचा बराच वेळ स्वतःला चाटत बसेल. त्याच्या केसांवरचा त्याचा स्वतःचा वास आपण धुवून टाकलेला असतो आणि तो त्याला परत हवा असतो.

घरात दुसरं मांजर असेल तर याच वासामुळे नवीन अडचण उभी राहते. काल एका पाटावर झोपणाऱ्या दोघींतली एक धुतलेलीला ओळखतच नाही, फिस्कारते, पंजा मारते. तिच्या लेखी घरात परकं मांजर आलेलं असतं. अशा वेळी मारामारी सोडवायला मध्ये हात घालू नये, मध्ये उशी किंवा पुठ्ठा धरावा. धुतलेलीला पूर्ण वाळेपर्यंत वेगळ्या खोलीत, तिच्या न धुतलेल्या जुन्या गोधडीवर ठेवावं. मग दुसरीच्या अंगावरून फिरवलेलं फडकं हिच्या पाठीवरून हलकेच फिरवावं, दोघींना दाराच्या दोन बाजूंना खाऊ द्यावा आणि दार उघडायची घाई करू नये.